गिलगुड यांचा आवाज: लंडनला नाट्यशिक्षण घेणाऱ्या मुलास पत्र

सांगली

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. तू संवाद बोलत नाहीस, गातोस, असे तुझ्या शिक्षकांनी भर वर्गात सांगितले आणि तेव्हापासून तू धास्तीने अगदी सपाट, कोरड्या आवाजात बोलू लागलास, हे वाचून मला वाईट वाटले. पण त्याहून जास्त काळजी वाटली ती तुझ्या प्रश्नाची. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांपासून ज्या आवाजासाठी लोकांनी तुझी पाठ थोपटली, तो आवाज आता टाकूनच द्यावा का, असे तू विचारतो आहेस. त्याच पत्रात, शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवरून जाता-येता गिलगुड थिएटरची पाटी दिसते आणि हे गिलगुड कोण ते वर्गातल्या बऱ्याच मुलांना सांगता येत नाही, असेही तू सहज लिहून गेला आहेस. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फार जवळचा संबंध आहे. महाविद्यालयात शेक्सपिअर शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि सर जॉन गिलगुड यांच्या ध्वनिमुद्रिका मी कित्येक वर्षे मुलांना ऐकवत आले, म्हणून या माणसाविषयी जे ठाऊक आहे ते तुला नीट सांगावेसे वाटते.

आधी त्या इमारतीविषयी. ती १९०६ मध्ये दुसऱ्याच नावाने उघडली आणि १९०९ पासून ग्लोब म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे थेम्सच्या दक्षिण काठावर शेक्सपिअरच्या काळातल्या ग्लोबची प्रतिकृती उभी राहू लागली, तेव्हा दोन नाट्यगृहांच्या नावांचा घोटाळा नको म्हणून १९९४ मध्ये या वास्तूला गिलगुड यांचे नाव देण्यात आले. त्यांनी तेव्हा नव्वदी गाठली होती आणि ते अजून काम करत होते. याच रंगमंचावर १९३९ मध्ये त्यांनी ऑस्कर वाइल्डची विनोदी नाटिका बसवली होती, तिच्यात स्वतः काम केले होते आणि ईडिथ एव्हान्स यांची लेडी ब्रॅकनेल तिथेच गाजली होती. तेव्हा ती पाटी केवळ मानाची नाही. त्या मंचावर त्यांनी घाम गाळलेला आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १९०४ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचे घराणे मूळचे पोलंड-लिथुआनियाकडचे. आई मात्र टेरी घराण्यातली, म्हणजे इंग्लंडच्या नाट्यसृष्टीत ज्या घराण्याचे नाव आदराने घेतले जाई त्यातली. आजी केट टेरी नटी होती आणि आजीची बहीण एलन टेरी ही तर त्या काळातली सर्वांत लाडकी अभिनेत्री होती. असे असूनही घरच्यांची इच्छा मुलाने शिकून नीट नोकरीधंद्याला लागावे अशीच होती. शेवटी तडजोड झाली ती अशी, की पंचविसाव्या वर्षापर्यंत नाटकावर पोट भरता आले तर ठीक, नाहीतर मुकाट्याने कचेरीत जायचे. (तुझ्या बाबांनी तुला घातलेली मुदत यापेक्षा उदार आहे, हे तू मान्य करशील.)

आता ज्यांच्या आवाजाची पुढे जगभर वाहवा झाली त्यांची सुरुवात पाहा. पहिल्या नाट्यशाळेत लेडी बेन्सन या शिक्षिकेने त्यांना सांगितले, की तू मुडदूस झालेल्या मांजरासारखा चालतोस. नोव्हेंबर १९२१ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहाच्या रंगमंचावर त्यांनी ‘पाचवा हेन्री’ या नाटकात पहिली भूमिका केली ती जासुदाची, आणि तिच्यात वाक्य होते एकच: युद्धात पडलेल्या फ्रेंचांची यादी राजाच्या हाती देताना उच्चारायचे. १९२४ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी ते लंडनमध्ये रोमिओ झाले, तेव्हा एका समीक्षकाने लिहिले, की कमरेखालचे गिलगुड काही म्हणजे काही सांगत नाहीत, इतके निरर्थक पाय आपण पाहिलेले नाहीत. गळ्यातून कविता वाहते आहे आणि देह मात्र कोणाचा तरी उसना आणल्यासारखा उभा आहे, अशी ती अवस्था असावी. पुढच्याच वर्षी चेकॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये त्यांना त्रोफिमॉव्ह हा चष्मा लावणारा, केस विरळ झालेला, कायमचा विद्यार्थी मिळाला आणि देखणे दिसण्याच्या ओझ्यातून सुटका झाल्यावर आपण खरोखर नट होऊ शकतो असे आयुष्यात प्रथमच वाटले, असे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. ही नोंद तू लक्षात ठेव, कारण पुढच्या पन्नास वर्षांची किल्ली तिच्यात आहे आणि ती किल्ली त्यांच्याच हातून बराच काळ हरवली होती.

१९२९ मध्ये ते ओल्ड व्हिकच्या संचात दाखल झाले. लिलियन बेलिस या बाईंनी काटकसरीने चालवलेले ते नाट्यगृह वॉटर्लू स्थानकाजवळच्या गरीब वस्तीत होते आणि तिथे मानधन तुटपुंजे असले तरी एकामागून एक भूमिका मिळत. दिग्दर्शक हार्कोर्ट विल्यम्स यांनी शेक्सपिअरची पदे संथ, गंभीर घोषात म्हणण्याची जुनी रीत मोडून ती वेगाने, अर्थाच्या ओढीने बोलायला लावली. तिथे दोन हंगामांत त्यांनी दुसरा रिचर्ड, मॅकबेथ, प्रॉस्पेरो, हॅम्लेट आणि वयाच्या सत्ताविशीच्या उंबरठ्यावर चक्क लिअर उभा केला. १९३० मध्ये तिथे संपूर्ण संहितेसह बसवलेला त्यांचा हॅम्लेट पुढे, संहितेला थोडी कात्री लावून, वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या बड्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात गेला. तोपर्यंत लंडनला हॅम्लेट म्हणजे चाळिशीपुढचा, नावाजलेला नट बघायची सवय होती; सव्वीस वर्षांचा, रागीट, तडफडणारा राजपुत्र पाहून लोक चकित झाले.

इथे तुझ्या प्रश्नाचा पहिला भाग येतो. त्यांचे शेक्सपिअरचे बोलणे सुरेल असले तरी ते गाणे नव्हते. त्यांचे जे मुद्रण उपलब्ध आहे ते ऐकताना माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी, की आठ-आठ ओळींचे वाक्य असले तरी ते ज्या शब्दाकडे निघाले आहे त्याचे भान त्यांना पहिल्या शब्दापासून असते. मधल्या उपवाक्यांवर ते रेंगाळत नाहीत, त्यांना सुंदर करण्याच्या मोहात पडत नाहीत, आणि श्वास अर्थ पुरा होतो तिथेच घेतात. वेग भरपूर, पण अक्षर एकही गिळलेले नाही. तुझे शिक्षक ज्याला गाणे म्हणतात ते बहुधा याच्या नेमके उलट असणार: प्रत्येक शब्द सजवायचा आणि वाक्य कुठे निघाले होते ते विसरायचे. हा दोष आवाजाचा नव्हे, तो ऐकण्याचा आहे. बोलणारा स्वतःलाच ऐकत बसतो.

आणि नेमकी हीच गोष्ट पुढे गिलगुड यांच्या वाट्याला आली. १९३२-३३ मध्ये ‘रिचर्ड ऑफ बोर्दो’ या नाटकाने ते एका रात्रीत लोकांच्या गळ्यातला ताईत झाले. १९३४ चा हॅम्लेट न्यू थिएटरमध्ये १५५ प्रयोग चालला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कला १३२. त्या १९३४ च्या प्रयोगात ऑस्रिकची छोटी भूमिका त्यांनी ॲलेक गिनेस नावाच्या एका कफल्लक तरुणाला दिली होती. पुढे थोर झालेल्या त्याच गिनेस यांनी त्यांच्या आवाजाला रेशमात गुंडाळलेल्या चांदीच्या तुतारीची उपमा दिली. उपमा सुरेख आहे, पण नटाच्या दृष्टीने ती धोक्याचीही आहे, कारण लोक मग तुतारी ऐकायलाच येतात. आपल्या संगीत नाटकांतल्या गायक नटांनाही हेच भोगावे लागले: वन्स मोअर मिळू लागला की पात्र बाजूला राही आणि गळा पुढे येई. १९३५ मध्ये ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी रोमिओ आणि मर्क्युशिओ या भूमिका आलटून पालटून केल्या. काव्य बोलण्यात गिलगुड सरस ठरले, पण ऑलिव्हिए यांच्या रोमिओत रक्तामांसाचा, तापलेला पोरगा दिसतो, असे म्हणणारेही निघाले. एकाच नाटकात, एकाच मंचावर मांडलेली ही तुलना पुढे दोघांच्याही आयुष्यभर पाठीशी लागली.

त्यांचा मोठेपणा मला दिसतो तो हा, की कीर्तीच्या शिखरावर असताना ते पुन्हा विद्यार्थी व्हायला तयार असत. १९४० मध्ये, युद्ध चालू असताना, ओल्ड व्हिकमध्ये लिअर बसवायचे ठरले आणि जुन्या पिढीतले दिग्दर्शक हार्ली ग्रॅनव्हिल-बार्कर यांना मार्गदर्शनासाठी बोलावण्यात आले. हे गृहस्थ रंगभूमी सोडून बराच काळ लेखनात रमलेले होते. आपले नाव दिग्दर्शक म्हणून लावू नये अशी त्यांची अट होती. गिलगुड यांनी त्यांना भूमिका वाचून दाखवली, तेव्हा बार्कर म्हणाले, की लिअर ओकच्या झाडासारखा हवा आणि तुम्ही तर ॲशचे सडपातळ झाड आहात. तेव्हा काय करता येते ते पाहू. इंग्लंडचा पहिल्या प्रतीचा नट छत्तीस वर्षांचा होता आणि त्याने हे ऐकून घेतले. मोजक्याच दिवसांच्या तालमीत बार्कर यांनी एकेका ओळीवर त्यांना थांबवले आणि राजाचा अधिकार कशात आहे, त्याचा म्हातारपणा कुठे आणि कुठे नाही, हे उलगडून दाखवले. त्या सूचना गिलगुड यांनी जपून ठेवल्या, पुढे छापल्याही, आणि आपल्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे शिक्षण म्हणून ते त्या दिवसांचा उल्लेख करत. तुला एका वाक्याने रडू आले, ते मी समजू शकते. पण बार्कर यांच्यासारखा शिक्षक लाभला तर त्याला सोडू नकोस.

युद्ध संपता संपता, १९४५-४६ मध्ये, ते सैनिकांसाठी हॅम्लेट घेऊन हिंदुस्थान आणि अतिपूर्वेकडच्या दौऱ्यावर गेले. याच दौऱ्यात कैरोला त्यांनी शेवटचा हॅम्लेट केला. तोवर ही भूमिका त्यांनी पाचशेहून अधिक वेळा रंगवली होती.

१९५० मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी त्यांना शेक्सपिअरच्याच ‘मेझर फॉर मेझर’मधला अँजेलो करायला सांगितले. ब्रूक पंचवीस वर्षांचे होते, गिलगुड शेहेचाळिशीचे. अँजेलो हा कायद्याचा कठोर राखणदार, जो स्वतःच्या वासनेपुढे कोलमडतो. प्रेक्षकाने त्याच्यावर जीव लावावा असे त्याच्यात काही नाही. आजवर गिलगुड यांचे राजपुत्र आणि राजे प्रेक्षकांच्या सहानुभूतीवर तरंगत आले होते. इथे ती शिडी काढून घेतली गेली आणि आवाजातला गोडवा गोठवून त्यांनी एक थंड, आखडलेला, स्वतःला घाबरणारा माणूस उभा केला. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध इथे सुरू होतो, जरी तो फुलायला आणखी वीस वर्षे जावी लागली.

मधल्या काळात एक घाव बसला. त्याबद्दल मी तुझ्याशी मोकळेपणाने लिहिणार आहे, कारण तू आता मोठा आहेस आणि त्याखेरीज ही हकिगत अपुरी राहते. १९५३ च्या उन्हाळ्यात त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये पोलिसांनी त्यांना पकडले, कारण पुरुषाने पुरुषाची संगत शोधणे हा त्या वेळच्या इंग्लंडात गुन्हा होता. न्यायालयाने दहा पौंड दंड केला. शिक्षा एवढीच, पण वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावर छापली. त्या दिवसांत ‘ए डे बाय द सी’ या नव्या नाटकाचे लंडनबाहेरचे प्रयोग सुरू व्हायचे होते. लिव्हरपूलला प्रवेशाची वेळ आली तेव्हा पाऊल उचलेना. विंगमध्ये थिजलेल्या त्यांना डेम सिबिल थॉर्नडाइक या ज्येष्ठ अभिनेत्रीने हाताला धरून मंचावर आणले, आणि प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. लिव्हरपूलच्या त्या साध्या नाटकवेड्या लोकांविषयी मला फार आदर वाटतो. तरीही आतून ते खचलेच. पुढच्या वर्षी त्यांची प्रकृती पार ढासळली. हा कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये बदलला तो १९६७ मध्ये. त्यांनी या विषयावर जन्मभर जाहीरपणे तोंड उघडले नाही, आणि त्यांचे ते मौन मला भित्रेपणाचे वाटत नाही. ज्या पिढीला बोलण्याबद्दल तुरुंग दाखवला गेला तिच्याकडून बोलण्याची अपेक्षा आपण करू नये.

मग १९५६ साल आले. लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात जॉन ऑस्बर्न यांचे ‘लुक बॅक इन अँगर’ हे नाटक झाले आणि इंग्लंडच्या रंगभूमीवर अचानक इस्त्रीच्या टेबलाशी भांडणारी तरुण माणसे आली. ऑलिव्हिए यांनी वारा ओळखून लगेच ऑस्बर्न यांचेच पुढचे नाटक स्वीकारले. गिलगुड बावन्न वर्षांचे होते आणि या नव्या जगात आपला आवाज कुठे ठेवायचा हे त्यांना कळेना. नव्या वळणाचे नाटककार सॅम्युएल बेकेट यांचे ‘एंडगेम’ त्यांच्याकडे चालून आले, ते त्यांनी परत केले, कारण ते त्यांना समजले नाही आणि आवडलेही नाही. त्याऐवजी शेक्सपिअरमधल्या वेच्यांचा ‘एजेस ऑफ मॅन’ हा एकपात्री कार्यक्रम घेऊन ते दहा वर्षे देशोदेशी फिरले. कार्यक्रम अप्रतिम होता, त्याला न्यूयॉर्कचा खास टोनी पुरस्कारही मिळाला. पण रिकाम्या मंचावर एकटा माणूस आणि त्याचा गळा, म्हणजे लोकांनी त्यांच्याविषयी जे आधीच ठरवले होते तेच त्यांनी पुन्हा पुन्हा सिद्ध केले. १९६१ मध्ये स्ट्रॅटफर्डला केलेला ऑथेल्लो पडला. १९६४ मध्ये त्यांनी रिचर्ड बर्टन यांचा हॅम्लेट न्यूयॉर्कला बसवला आणि त्यात भुताचा नुसता ध्वनिमुद्रित आवाज दिला. साठीला आलेल्या हॅम्लेटचे स्वतःचे असे झाले होते: मंचावर देह नाही, वरून येणारा एक सुंदर आवाज आहे.

तिथून ते परत आले. १९६८ मध्ये ॲलन बेनेट या नवख्या लेखकाच्या पहिल्याच नाटकात त्यांनी निवृत्तीला आलेल्या मुख्याध्यापकाचे काम केले आणि त्याच वर्षी ब्रूक यांच्या ‘ईडिपस’च्या तालमीत तरुण नटांबरोबर जमिनीवर बसून आवाजाचे आणि देहाचे चमत्कारिक व्यायाम केले. मग १९७० मध्ये रॉयल कोर्टमध्येच, म्हणजे ज्या घराने त्यांना जुने ठरवले होते तिथे, डेव्हिड स्टोरी यांचे ‘होम’ झाले. त्यात ते आणि राल्फ रिचर्डसन, दोन सभ्य वृद्ध गृहस्थ, बागेतल्या टेबलाशी बसून हवापाण्याच्या गप्पा मारतात. वाक्ये अर्धवट: हो, हो का, अरे वा, छे छे. बऱ्याच वेळाने प्रेक्षकांना कळते, की हे मनोरुग्णालय आहे. आता विचार कर: ज्याच्या गळ्यासाठी शेक्सपिअरने आठ-आठ ओळींची वाक्ये लिहिली असे लोक म्हणत, त्याच्या हाती तीन अक्षरांचे उद्गार दिलेले आहेत आणि त्यांच्या मधली शांतता सांभाळायची आहे. टेरी घराण्यातल्या माणसांना डोळ्यांत पाणी आणायला प्रयास पडत नसत अशी ख्याती होती. गिलगुड यांच्या तरुणपणीच्या भूमिकांत ते अश्रू सढळ वाहत. ‘होम’च्या शेवटीही त्यांचा हॅरी रडतो, पण काही न बोलता, बसल्या जागी, आणि ते रडणे पाहणाऱ्यांनी कधी विसरले नाही.

याहूनही पुढची पायरी म्हणजे हॅरल्ड पिंटर यांचे ‘नो मॅन्स लँड’. एप्रिल १९७५ मध्ये नॅशनल थिएटरने ते पीटर हॉल यांच्या दिग्दर्शनाखाली ओल्ड व्हिकच्या मंचावर आणले, जिथे त्रेपन्न वर्षांपूर्वी त्यांनी जासुदाचे एक वाक्य म्हटले होते. त्यांचा स्पूनर हा फसलेला कवी: चुरगळलेला सूट, मोज्यांवर चढवलेल्या सँडल, विस्कटलेले केस, बोटांत सिगारेट. हा वेष त्यांनी स्वतः शोधला आणि त्यात कवी ऑडेन यांची छाया होती. स्पूनर एका श्रीमंत, मद्यपी साहित्यिकाच्या घरी रात्री येऊन टेकला आहे आणि शेवटी तो त्या यजमानाला आपली चाकरी देऊ करतो: मी तुमचा चिटणीस होईन, तुमच्या कवितावाचनाची व्यवस्था करीन, असे एक लांबलचक आर्जव. यजमान ऐकून घेतो आणि विषय बदलू या म्हणतो. या भाषणात गिलगुड यांनी आपला सगळा जुना सूर पुन्हा वापरला, तोच डौल, तीच लांब श्वासाची वाक्ये. पण आता तो सूर स्पूनरचा आहे. घर नसलेल्या, पत नसलेल्या माणसाजवळ उरलेली एकच मिळकत म्हणजे त्याचे सुसंस्कृत बोलणे, आणि ती तो विकायला काढतो आहे. पूर्वी आवाज नटाला शोभा देत होता, इथे तो पात्राची लाचारी उघडी पाडतो. म्हणूनच मला त्या समीक्षकांचे पटत नाही, जे म्हणतात की तरुण गिलगुड खोटे आणि वृद्ध गिलगुड खरे. चाळीस वर्षे ते संगीत जोपासले नसते, तर स्पूनरकडे विकायला काही उरलेच नसते.

चित्रपट त्यांना फार काळ नकोसाच वाटत होता. कॅमेऱ्यापुढे आपण अवघडतो असे ते म्हणत. १९५३ च्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये ते कॅशिअस झाले, तेव्हा ॲन्टनी करणारे मार्लन ब्रँडो त्यांच्याकडे संवादांचे धडे घ्यायला आले. पण पडद्यावर त्यांचे खरे बस्तान बसले ते साठी ओलांडल्यावर, जेव्हा त्यांना उमगले की कॅमेऱ्यासमोर काही फेकायचे नसते. ‘आर्थर’ या अमेरिकन विनोदी चित्रपटातली हॉब्सन या बटलरची भूमिका त्यांनी आधी नाकारली होती. ती केली आणि १९८२ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांना ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी आलेल्या ‘गांधी’ चित्रपटात ते व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आहेत. डॉ. श्रीराम लागू यांचे गोखले आणि रोहिणी हट्टंगडी यांच्या कस्तुरबा त्याच चित्रपटात आहेत, हे तुला घरी पाहिल्याचे आठवत असेल. मिठाच्या सत्याग्रहाची वार्ता ऐकताना आयर्विनच्या बोलण्यात जी किंचित कंटाळलेली सभ्यता आहे तिच्यात साम्राज्याचा सारा आंधळेपणा मावला आहे, आणि त्यासाठी त्यांनी आवाज चढवलेला नाही.

रंगमंचावरची त्यांची शेवटची भूमिका १९८८ मधली. पण पडदा आणि आकाशवाणी त्यांनी सोडली नाही. १९९१ मध्ये पीटर ग्रीनअवे यांच्या चित्रपटात प्रॉस्पेरो होऊन त्यांनी जवळजवळ सर्व पात्रांचे संवाद स्वतःच म्हटले. नव्वदाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, १९९४ मध्ये, बीबीसीवर लिअर पुन्हा केला, म्हणजे पहिल्या लिअरनंतर त्रेसष्ट वर्षांनी. आणि २००० सालच्या वसंतात, मृत्यूच्या काही आठवडे आधी, ते बेकेट यांच्या ‘कॅटास्ट्रॉफी’ या छोट्या नाटिकेच्या चित्रीकरणासाठी उभे राहिले. दिग्दर्शक डेव्हिड मॅमेट, सोबत खुद्द पिंटर. ज्या लेखकाला त्यांनी पन्नाशीत परत पाठवले होते त्याचे हे काम होते, आणि त्यातल्या त्यांच्या पात्राला एकही शब्द नाही. २१ मे २००० रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, बकिंगहॅमशरमधल्या आपल्या घरी ते गेले.

तेव्हा आवाज टाकायचा का, याचे माझे उत्तर नाही असे आहे. आणि तो सपाट करून लपवायचा, हे तर मुळीच नको, कारण लपवलेल्या गळ्याने तू हॅम्लेटही बोलू शकणार नाहीस आणि स्पूनरही. तुझ्या शाळेच्या ग्रंथालयात ‘एजेस ऑफ मॅन’चे मुद्रण नक्की असेल. त्यातली दुसऱ्या रिचर्डची भाषणे संहिता हातात धरून ऐक आणि ते श्वास कुठे घेतात तिथे पेन्सिलीने खूण कर. त्यानंतर ‘नो मॅन्स लँड’चे १९७८ चे दूरचित्रवाणीवरचे चित्रण मिळव आणि शेवटचे आर्जव पाहा, तिथेही तशाच खुणा कर आणि दोन्ही पाने शेजारी ठेव. ‘होम’चे चित्रणही मिळाले तर उत्तम, पण ते शेवटी पाहा. मग तुझ्या शिक्षकांना विचार, की मी वाक्य गातो ते नेमके कोणत्या शब्दापासून, तो शब्द मला दाखवा. ते काय म्हणाले ते मला कळव, आणि ज्या उताऱ्याविषयी ते बोलतील तो स्वतः बोलून त्याचे मुद्रण पाठव. मी संहिता काढून ठेवते. थंडी वाढली असेल, रात्री तालमीहून परतताना गळ्याला मफलर गुंडाळत जा.

तुझी,
आई